रस्त्याकडची बाजू

गुरुवार, संध्याकाळ. गौलीगुडा.

कुकटपल्लीच्या प्लॉटची वाटणी चालू आहे. आमच्या वाट्याला तिकोनी तुकडा. धाकट्या दिरांनी, सुधीरभावजींनी, फोनवर दोन बाजू सांगितल्या: चाळीस फूट, साठ फूट, मधला कोन एकशेदहा अंश. "वहिनी, तुम्ही गणिताच्या टीचर. घरीच काढा की, उन्हात कायकू येता?"

काढलं. दोन बाजूंच्या गुणाकाराचं निम्मं, गुणिले त्या कोनाचा साइन. वाटणीपत्रातलंच क्षेत्रफळ आलं. पण ते 'उन्हात कायकू' डोक्यातून जाईना. माझी एवढी काळजी यांना कधीपासून?

म्हणून आज लेकीला घेऊन प्लॉटवर जाऊन आले. दोन्ही बाजू बरोबर. कोन मात्र सत्तर. घरी येऊन पुन्हा मांडलं, तर क्षेत्रफळ तेवढंच. लेक म्हणाली, "हिसाब जुळला ना, आई?" जुळणारच. सत्तर आणि एकशेदहा, दोघांचा साइन एकच. मग कोन खोटा का सांगितला?

आत्ता तिसरी बाजू काढली, रस्त्याकडची. त्यांच्या कोनानं त्र्याऐंशी फूट येते, खऱ्या कोनानं साठ. उरलेला तेवीस फूट रस्ता भावजींच्या तुकड्यासमोर.

उन्हात कायकू.

भावजी इंटरला, अकरावी-बारावीला असताना साइनचं हे सगळं मीच शिकवलं होतं त्यांना.