सुभेदारांच्या गाडीचं छत

आई,

सुभेदारांची गाडी परत आली होती. महूहून त्यांच्या मुलीने ट्रकवर चढवून आणली. मी दुकानाच्या दारात उभी होते, लांबूनच ओळखली. काळा रंग विटून तपकिरी झाला होता, बाजूच्या चकचकीत पट्ट्या उखडल्या होत्या त्या तारेने बांधलेल्या, दारांची रबरं सुकून जुन्या गुळासारखी कडक झालेली. पण ते फुगलेले गाल आणि मागे उतरत गेलेली पाठ, दुसरी कुठली गाडी असणार! सुभेदार जाऊन बरीच वर्षं झाली म्हणे. त्यांची मुलगी आता स्वतःच शाळेतून रिटायर झालेली, पांढऱ्या केसांची, फार हळू बोलणारी बाई आहे. "जयभीम. इथे पूर्वी एक ताई गाड्यांच्या सीटा शिवायच्या, त्या कुठे भेटतील?" मी म्हटलं, "ती माझी आई. आता नाही ती." त्यांनी माझा हात धरला तो सोडलाच नाही. तसाच धरून मला गाडीत बसवलं आणि वर बोट दाखवून म्हणाल्या, "बाकी सगळं बदला. सीटा, दारांचे पॅड, रबर, पट्ट्या. भाच्याला जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात न्यायची आहे, त्याला सगळं नव्यासारखं पाहिजे. पण हे छत ठेवता आलं तर ठेवा हं. तुमच्या आईचं काम आहे."

मी वर बघितलं. तुझा तो राखाडी कपडा. एका कोपऱ्यात पाण्याचा डाग होता आणि मागच्या काचेजवळ वीतभर शिवण उसवली होती. बाकी तसाच ताणलेला, ढोलकीच्या पुडीसारखा.

ही गाडी आपल्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा मी कॉलेजात होते. मिल बंद झाली होती. बाबा रोज दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेरच्या खोलीत बसत आणि कोणी आलं की आत निघून जात. विव्हिंग खात्याच्या जॉबरला, मुकादमाला, दुसरीकडे कोण काम देणार, सगळ्याच मिलांची तीच गत होती. तू परकर नि ब्लाऊज शिवायचीस, त्यात भागेना. मग स्नेहलतागंजमधल्या, याच जागेतल्या गॅरेजच्या सेठजींनी निरोप धाडला. शहरात नव्या छोट्या गाड्या धडाधड यायला लागल्या होत्या, ज्याला त्याला सीट कव्हर हवं होतं, आणि त्यांचा शिवणारा माणूस गुजरातेत निघून गेला होता. तू पहिल्या दिवशी डोक्यावरून पदर घेऊन गेलीस. आठवड्यात पदर कमरेला आला. झालरीवाली कव्हरं, केसाळ कव्हरं, लाल रेक्झिनला पिवळी पायपिंग, लोकांना काय काय हवं असायचं आणि तू हसत शिवायचीस. घरी येऊन सांगायचीस, "आज एकाने सीटवरचं प्लॅस्टिक काढूच नका म्हटलं. वरून कव्हर घाला म्हणे. मग बसणार कशावर रे भिया?"

आणि मग ती काळी गाडी. मिलच्या मॅनेजरची. मिलचं खुर्च्या-टेबलांचं सामान लिलावात निघालं त्यात तीही निघाली, आणि महूच्या एका नुकत्याच रिटायर झालेल्या सुभेदारांनी घेतली. आतून पार गेलेली होती. सीटांतून काथ्या बाहेर आलेला, छताचं कापड फाटून मानेवर लोंबत होतं. सेठजींनी तुला विचारलं आणि तू हो म्हणून आलीस.

त्या संध्याकाळचं मला अजून दिसतं. तू पोळ्या लाटते आहेस, मी भाजते आहे, बाबा पाटावर बसलेत. तू सहज सांगितल्यासारखं सांगतेस. बाबांचा हात ताटातच थांबतो.

"त्या गाडीच्या सीटा तू शिवणार?"

"कोणीतरी शिवणारच ना."

"कोणी पण शिवो. तू नाही. मिल बंद झाली त्या दिवशी फाटकावर त्या गाडीच्या काचेवर आम्ही हात मारलेत. पंचवीस-पंचवीस वर्षांची माणसं, हात मारत होती. त्याने काच खाली नाही केली."

तू लाटणं थांबवलं नाहीस. "मग त्याने नाही केली. गाडीने काय केलं?"

बाबा उठले. ताट तसंच. नंतर कित्येक दिवस ते तुझ्याशी बोलले नाहीत, काही हवं असलं तर मला सांगायचे, "आईला विचार." मी तुमच्या दोघांच्या मधे भांड्यासारखी इकडून तिकडे जायची. मला वाटायचं, बाबांचं बरोबर आहे. आणि तू घरी आलीस की तुझी सुजलेली बोटं बघून वाटायचं, तुझं बरोबर आहे.

बाबा गॅरेजमध्ये कसे आले हे मला कधी कळलं नाही. मी तुझा डबा घेऊन आले तर बाबा आधीच तिथे उभे. भांडायलाच आले असणार, चेहरा तसा होता. पण तू गाडीत उताणी पडली होतीस, पाय दाराबाहेर, तोंडात टाचण्या, आणि लोंबणारं जुनं कापड उतरवताना वरची कित्येक वर्षांची धूळ तुझ्या डोळ्यांत पडत होती. तुला ते दिसलेच नाहीत. बाबा थोडा वेळ उभे राहिले. मग दुसऱ्या बाजूचं दार उघडून मागच्या सीटवर बसले. मॅनेजर बसायचा तिथेच. डोक्यावर कापड लोंबत होतं, त्यांनी ते हाताने वर उचलून धरलं आणि बाहेर बघितलं.

"काय बघताय?" तू टाचण्या काढून विचारलंस. कितीतरी दिवसांनी थेट त्यांना.

"काही नाही," ते म्हणाले. "इथून फाटक कसं दिसत असेल ते बघत होतो."

मग त्यांनी विचारलं, "नवं कापड कुठलं लावणार?"

"बघू. सेठजी नायलॉनचं काहीतरी आणतायत."

"नायलॉन उन्हात वितळतं," बाबा म्हणाले, आणि सायकल काढून घरी गेले. परत आले तेव्हा कॅरियरला थान बांधलेलं होतं. त्यांच्याच खात्यात विणलेलं, मिलच्या दुकानातून त्यांनी माझ्या लग्नाच्या गाद्यांसाठी घेऊन ठेवलेलं जाड कापड. मला विचारलंही नाही आणि मला राग आला नाही. तू ते रंगाऱ्याकडून राखाडी करून घेतलंस. छताच्या आत आडव्या तारा असतात, त्यांत कापड ओवावं लागतं, आणि ते कसं करायचं हे कोणालाच माहीत नव्हतं. तू म्हणालीस, "अहो, परकराचा नेफा आहे हा, दुसरं काय." बाबा एका टोकाला कापड ताणून धरत होते, तू दुसऱ्या टोकाला दाभणाने टाके घालत होतीस, आणि दोघांची डोकी छताला आपटत होती. मधेच बाबा म्हणाले, "हळू ओढ, सूत माझं आहे." आणि तू इतकी हसलीस की टाचणी गिळतेस की काय असं झालं. मिल बंद झाल्यावर मी बाबांना त्या दिवशी पहिल्यांदा हसताना बघितलं.

सुभेदार गाडी न्यायला आले तेव्हा बूट काढून मागच्या सीटवर आडवे झाले आणि वर बघत राहिले. "ताई, हे तर घरासारखं झालं," म्हणाले. मग उठून पुढे जाऊन बसले. "पण आपण बसायचं पुढेच. साहेबाच्या गाडीत मागे बसायला मी ती घेतली नाही." बाबांनी त्यांना सलाम ठोकला, त्यांनी बाबांना. दुसऱ्या दिवसापासून बाबा तुझ्याबरोबर गॅरेजला यायला लागले, आणि शेवटपर्यंत येत राहिले.

हे सगळं मला माहीत होतं, आई. त्या बाई माझा हात धरून बसल्या होत्या आणि मला हे सगळं आठवत होतं. तरी मी म्हटलं, "मॅडम, कापड विरलंय. हात लावला तर फाटेल. ठेवता नाही येणार."

विरलं नव्हतं. उसवलेलं वीतभर मी चहा होईपर्यंत शिवलं असतं. डाग तर सौम्य साबणाने गेला असता.

का म्हटलं, ते मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं नाही. आधी सांगितलं की भाच्याला सगळं एकसारखं हवंय. मग सांगितलं की नव्या क्रीम सीटांवर जुनं राखाडी छत बरं दिसणार नाही. पण खरं असं आहे की मी तुझ्या जागेवर बसून आता तुझ्याइतकीच वर्षं काम करतेय, आणि जुनी गिऱ्हाइकं अजून येऊन सीटवर हात फिरवून म्हणतात, "बढ़िया है बेटा, पर आईचा हात वेगळाच होता." तोंडावर म्हणतात. मी हसते. तू असताना हसायचे, तू गेल्यावरही हसत राहिले. मेळाव्यात शंभर लोक त्या गाडीत डोकं घालून वर बघणार, आणि तिथे पण तूच असणार होतीस. मला ते नको होतं. बस इतकंच.

कापड मीच काढलं. माझ्याकडे काम करणारा माणूस आहे, चाळिशीचा, महेश्वरकडचा, त्याने खालून हात लावून बघितलं. "दीदी, ये तो अभी बहोत चलेगा. काढायचं कशाला?" मी म्हटलं, "तू पट्ट्यांचं बघ." टाके सुटेनात. ब्लेड लावावं लागलं. कापडाची लाल धाग्याची किनार तू दिसू नये म्हणून आत दुमडली होतीस, ती उलगडली तर ऊन-धूळ न लागलेली, काल विणल्यासारखी. मी तेव्हा थांबायला हवं होतं. हात थांबलेही होते. पण अर्धं कापलं होतं, आणि अर्धं कापलेलं परत कसं लावणार, असं म्हणून पुढे कापत गेले. कापड घडी करून कोपऱ्यात ठेवलं. घरी न्यायचं, असं मनात होतं.

दुसऱ्या दिवशी मला बाजारात रबर बीडिंग शोधायला जावं लागलं, उशीर झाला. परत आले तर आमचा माणूस खाली बसून बाजूच्या पट्ट्या पॉलिश करत होता. आरशासारख्या चमकत होत्या. हातात राखाडी चिंधी. बाजूला आणखी चिंध्या, काळ्याभोर. "क्या कपड़ा है दीदी, असं कापड आता मिळत नाही. एकदम मऊ, सूत पण सुटत नाही." मी त्याला ठेव म्हणून सांगितलं नव्हतं. शेवटचा तुकडा त्याच्या हातात होता, तो मागून घ्यावा असं वाटलं, पण मग कशाला म्हणून त्याने विचारलं असतं. मी आत जाऊन चहा ठेवला.

गाडी सुंदर झाली, आई. खोटं नाही बोलत. छत तर असं बसलंय की एक सुरकुती नाही. नेफे तुझ्यासारखेच घातलेत, दुसरं काही मला येतच नाही. भाचा फोटो काढत सुटला. त्या बाई मात्र आत बसून कितीतरी वेळ वर बघत होत्या. मग म्हणाल्या, "छान केलंत हो." आणि नव्या कापडावर बोट फिरवत, "ते जुनं कापड असेल ना? तेवढं द्याल? सुट्टीत घरी आले की मी मागे झोपायची, वर बघत बघत झोप लागायची."

"टाकून दिलं, मॅडम," मी म्हटलं. "कुजलंच होतं सगळं."

"हो, कुजलं असेल तर काय करणार," त्या म्हणाल्या, आणि उलट मलाच धीर दिल्यासारखा माझ्या पाठीवर हात ठेवला. पैशांशिवाय एक डबा दिला, घरचे शेंगदाण्याचे लाडू. आम्ही दुकानात वाटून खाल्ले. मी पण खाल्ला.

काल त्यांचा फोन आला. मेळाव्यात प्रत्येक गाडीपुढे पाटी असते, कुठली गाडी, कोणाची, काम कोणी केलं. म्हणाल्या, "तुमचं नाव तर लिहितोच. पण मी भाच्याला सांगितलंय, त्याच्या वर यांच्या आईचं नाव लिहायचं. छत पहिल्यांदा त्यांनी शिवलं होतं. वडिलांचं पण सांगा, कापड त्यांनी विणलेलं ना? माझे बाबा सगळ्यांना सांगायचे." मी म्हटलं, "मेसेज करते, मॅडम." सकाळपासून फोन समोर ठेवून बसलेय. तुमची नावं टाईप करायला कितीसा वेळ लागतो. दोनदा टाईप करून पुसली. नुसती नावं पाठवली तर ते तिसरं खोटं होईल. आणि नावांबरोबर खरं पाठवायचं, तर त्या फोन करतील, आणि त्या हळू आवाजात एवढंच विचारतील, "मग का काढलंत?"

तू विचारणार नाहीस. म्हणून त्यांना लिहायचं सोडून हे सगळं मी तुला लिहिलं.