तुझ्या चष्म्यातली बाग

अकोला

प्रिय स्वराली,

तू फोनवर विचारतेस, "बाबा, चष्मा कसा वाटतो?" आणि ते म्हणतात, "फर्स्ट क्लास!" फोन त्यांच्या हातात, तोही स्पीकरवर. मागे उभी राहून मी काय बोलणार? म्हणून हे पत्र.

खरं ऐक. अमरावतीच्या दवाखान्यात तू बनवलेला तो व्हीआर चष्मा डोळ्यांवर चढवला, की बाबा दांडी धरून जागच्या जागी पाय उचलतात आणि डोळ्यांपुढची बाग पळत सुटते. बाहेर येतात ते घामाघूम, पांढरेफटक. ज्योत्स्ना, तिथली फिजिओथेरपिस्ट, दर वेळी विचारते, "काका, गरगरतंय का? सांगा, वेळ कमी करू, बसून करू." हे म्हणतात, "छे! मुलीनं बनवलंय." ती बिचारी वेळ वाढवते. घरी परतताना बडनेरा येईपर्यंत गाडी थांबवून यांना रस्त्याकडेला उलटी. खापर ड्रायव्हरवर! परवा सूर्यभान उखडलाच: "बाई, मी बैलगाडीपेक्षा हळू चालवून राहिलो. साहेबाले मळमळते काहून, ते साहेबालेच पुसा."

मी ज्योत्स्नाला सांगून पाहिलं. तर तिच्यापुढे मलाच म्हणाले, "प्रमोदिनी, तुला आकाशपाळणा नुसता बघून गरगरतं." दोघं हसले. मी पर्स उचलून बाहेर येऊन बसले.

पक्षाघातानंतर काठी टेकत फाटकापर्यंत जायला लागले होते. आता डोकं फिरतं म्हणून पलंग सोडत नाहीत. शुक्रवारी मोरीत पडले. हाड वाचलं, पण चालायची हिंमत गेली. पाय परत मिळवायला गेलो आणि होते तेही घालवून बसलो.

आणि काय गं ती संत्र्यांची बाग! मीही एकदा चष्मा लावून पाहिला. वरूडच्या मामाकडे तू सगळ्या सुट्ट्या काढल्यास ना? संत्री कधी आंब्यासारखी लांब देठांना लोंबतात का? बाबांना विचारलं तर म्हणे, "हुबेहूब!"

मेडिकल सोडून तू हे शिकायला निघालीस, तेव्हा पाहुण्यांसमोर ते म्हणाले होते, "डॉक्टरकी टाकून आता खेळणी बनवणार." तू ताटावरून उठलीस. त्यानंतर तो विषय तूही काढला नाहीस, त्यांनीही नाही. आता हे माफी मागताहेत, ओकून ओकून. तोंडानं मागितली असती तर माझी एवढी धुणी वाचली असती.

माझं ते ऐकणार नाहीत. तू फोन कर. तब्येतीचं विचारू नकोस, लगेच "फर्स्ट क्लास" म्हणतील. म्हण, "बाबा, माझ्या कामातल्या चुका काढून द्या. बाकीचे सगळे तोंडदेखलं बोलतात." जन्मभर वकिली केलेला माणूस आहे, एकदा सुरू झाला की गरगरण्यापर्यंत आपोआप येईल. मग तूच ज्योत्स्नाला कळव. लग्न झाल्यापासून माझ्या वरणात रोज मीठ कमी निघतं, स्वराली. त्या माणसाला तुझ्या कामात एकही खोट दिसत नाही, याची मला फार भीती वाटते.

पत्र मिळताच फोन कर, आणि मी लिहिल्याचं बोलू नकोस.

तुझीच,
आई