बिनआवाजाचा डबा

३ फेब्रुवारी १९५४

पाहणी पुढच्या गुरुवारी! रेल्वेचे साहेब ह्यांचा बॅटरीवर चालणारा डबा बघायला येणार. पसंत पडला तर बराकपूरच्या बाजूला असे आणखी डबे धावतील. नाही तर कारखाना हे काम गुंडाळणार. धूर नाही, वर तारा नाहीत. पण ह्यांचा जीव अडकलाय तो वेगळ्याच गोष्टीत — आवाज नाही! बॉयलरच्या ठोकाठोकीत अर्धं आयुष्य गेलेला माणूस.

संध्याकाळी शकुन वैतागली. "आई, बाबा रेडिओ एवढा मोठा का लावतात? मी हाका मारून थकून गेली." 'गेली' नव्हे, 'गेले' म्हणावं, किती सांगायचं! इथंच, बंगाली पोरींत वाढलेली पोर.

४ फेब्रुवारी

मासिकासाठी लिहितेय त्या गोष्टीचं जेमतेम एक पान झालं.

५ फेब्रुवारी

"रविवारी चल माझ्याबरोबर. डब्यात बसून बघ," हे म्हणाले. इतक्या वर्षांत कारखान्यात कधी नेलं नाही.

"साडीवर ॲसिड उडलं तर?"

"जुनी नेस. पण ये."

७ फेब्रुवारी, रविवार

सियालदहहून गाडीने गेलो. कारखान्याच्या आवारातच रूळ. हिरवा डबा, बाकांखाली बॅटऱ्यांच्या पेट्या. ह्यांचे मदतनीस घोषालबाबू "आशुन, बौदी" — या, वहिनी — म्हणत पुढे आले.

डबा सुटला — इतका अलगद, कळलंच नाही! मग वेग वाढला आणि मागच्या चाकांकडून करकर सुरू झाली. दाताखाली खडा यावा तशी. मी घोषालबाबूंकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघू लागले.

आणि हे माझ्या तोंडाकडे बघत होते. "कसा आहे आवाज? खरं सांग हं."

तेव्हा कळलं. ह्यांना ऐकू येत नाही! रेडिओ, पोरीच्या हाका — सगळं एकदम आठवलं.  पण किती आशेने बघत होते! खरं सांगणं माझ्याच्याने होईना.

"आवाज? कुठाय आवाज!" मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

उतरताना घोषालबाबू हळूच म्हणाले, "अच्छा किया बौदी. साब का दिल टूट जाता." मला काही बरं वाटलं नाही.

८ फेब्रुवारी

सांगावं का? करकर सांगायची तर कानांचंही सांगावं लागेल. गुरुवार जाऊ दे. माझ्या गोष्टींतल्या बायका किती धीट असतात!

११ फेब्रुवारी

बंद पडला. साहेब आत बसलेले असताना, मध्येच. मागच्या चाकांचं दातेरी चक्र तुटलं — तेच, करकरणारं. वाफेच्या इंजिनाने ओढत आणला म्हणे.

घोषालबाबू ह्यांना घरी सोडायला आले. दारातच मला म्हणाले, "पहले खोलकर देखते तो चक्र बदल देते, बौदी." डोळे भरलेले.

हे न जेवताच निजले.  माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं.

१२ फेब्रुवारी

काम बंद. पेट्या काढायला सुरुवात झाली.

१४ फेब्रुवारी

आज धीर करून जवळ बसले. मोठ्यानं विचारलं, "तुम्हाला कमी ऐकू येतं का हो?"

"वर्ष झालं," हे म्हणाले. "कारखान्यात कुणाला आवाजाचं विचारलं असतं, तर मला ऐकू येत नाही हे कळलं असतं. म्हणून त्या दिवशी तुला नेलं होतं — तुझे कान तरी असतील म्हणून."