नवसाचं सूप

हिल्मार, कॅलिफोर्निया
३ मे

लाडक्या इनेसला,
मावशीचा आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. विद्यापीठातल्या खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसतो, हे वाचून बरं वाटलं. इथे लिंबाला यंदा फांद्या वाकेस्तोवर फळ आलंय. शेजारची इल्दा गुडघ्याचं ऑपरेशन करून आली आणि आता बसल्या जागेवरून सुनेला दुप्पट कामं सांगते. तुझी आई बरी आहे. मीही बरीच म्हणायची.

तू गेल्यापासून स्वयंपाकघरातलं टेबल उगाच मोठं वाटतं. इथल्या कॉलेजातली दोन वर्षं तू दुपारची थेट माझ्याकडेच यायचीस. मी चौथी शिकलेली, इंग्रजी चाऱ्याच्या पोत्यांवर वाचून उचललेलं; पण तुझं मानववंशशास्त्राचं पुस्तक मीही तुझ्याबरोबर वाचलं. "मावशी, परीक्षा तूच देऊन टाक," म्हणायचीस. घराण्याचा तक्ता आपण दोघींनीच काढला. बाईला वर्तुळ, पुरुषाला त्रिकोण, गेलेल्या माणसावर तिरपी रेघ. माझ्या नवऱ्यावर, फिरमिनोवर रेघ मारताना तुझा हात अडला, तेव्हा पेन मी घेतलं.

मग तू विचारलंस, दरवर्षी पवित्र आत्म्याच्या सणाला मी गावाला सूप का घालते. आपल्या पोर्तुगीज लोकांत सूप नवसाचं असतं, पण नवस कशाचा ते कोणी विचारत नाही, कोणी सांगतही नाही. मी म्हणाले, आधी ते आवाज टिपायचं यंत्र बंद कर. तू केलंस. माझ्या हातावर हात ठेवलास. मी सांगितलं ते भाचीला, इनेस. कॉलेजच्या विद्यार्थिनीला नाही.

गेल्या मे महिन्यातल्या त्या शनिवारी तुझा निबंध ऐकायला मी निळा झगा घालून कॉलेजात आले. दुआर्ते नको म्हणत होता, मीच लेकाला ओढून आणलं. दूध काढायचं काम दुसऱ्यावर सोपवून, कार्लाला घेऊन तो आला. तू म्हणालीस, "या बाईंना आपण रोझा म्हणू." मला हसू आलं. मग पडद्यावर आपला तक्ता आला. सात भावंडं, मधल्या बहिणीला एकच मुलगा. नावं तेवढी पुसलेली. निम्मं सभागृह आपल्या चर्चमधलं, त्यांना नावं कशाला लागतात? आणि तू वाचलंस, की रोझाचा मुलगा एकोणिसाव्या वर्षी गोठ्याच्या माळ्यावरून पडला नव्हता. त्याला जगायचंच नव्हतं. तो वाचला, म्हणून हे सूप.

टाळ्या पडल्या. कार्ला नवऱ्याकडे बघत राहिली. तिला ठाऊक नव्हतं.

गाडीत तो एवढंच बोलला, "आई, पडलो म्हणायला तूच शिकवलंस ना मला?"

त्यानंतर रविवारी जेवायला तो आलेला नाही. गेल्या सणाला सुपाची पातेली परक्यांनी उचलली. फोनवर गाईंचं बोलतो, हवेचं बोलतो, आणि ठेवून देतो.

तू लिहितेस, "नावं बदलली होती ना, मावशी." आणि आता तुझ्या नव्या प्राध्यापकांना तो निबंध छापायचाय, सणाला यायचंय, माझी संमती हवी आहे. पोरी, संमतीवर त्या पुस्तकात अख्खं प्रकरण होतं. तूच मला मोठ्यानं वाचून दाखवलं होतंस, मी वाटाणे सोलत होते. किती छान लिहिलंय, म्हणाले होते मी.

माझी संमती नाही.

सणाला मात्र या. आलेल्याला आपण सूप नाकारत नाही, तुम्हालाही नाकारणार नाही. जाड पावावर पुदिना ठेवून, वरून सूप ओतून वाढतील, पोटभर जेवा. बसा बाहेर हॉलमध्ये, पाहुण्यांच्या बाकावर. आत स्वयंपाकघराकडे येऊ नकोस. या खेपेला दुआर्ते पातेली उचलायला येईल, असं कार्ला म्हणते. नक्की नाही. आलाच तर मागच्या दारानं येईल, आणि तेव्हा तिथे मी एकटीच असायला हवी.

समुद्राकाठी गारठा असेल. मोजे घालून झोपत जा, लहानपणापासून तुझे पाय गार पडतात.

तू ठेवलेल्या नावानंच सही करते,

रोझा