निवळशंख पाणी

प्रिय थुआनदादा,

तुझं सायगॉनहून आलेलं पत्र मिळालं. तळ्यात मासे सोडले का, असं विचारलंयस. मासे कुठले, दादा! मला भीती वाटतेय. एवढंच लिहून पत्र बंद करणार होते, पण मग तुला काय कळणार, कपाळ?

तू कंबरभर खणायला सांगितलं होतंस. कालवा खोदणारा तो यंत्रवाला म्हणाला, "ताई, आलोच आहे तर आणखी पुरुषभर काढतो. काळाशार चिखल आहे, भातात पसरा, खतच ते!" मला हाव सुटली आणि मी हो म्हणून बसले. बाबा शेवटपर्यंत सांगत होते, खालच्या चिखलाला ऊन दाखवायचं नाही, तो पाण्याखाली निजलेलाच बरा. त्यांची कुदळ वीतभरही खाली जायची नाही. म्हातारा जमीन खाजवतोय, म्हणून आपण दोघं हसायचो. शहाणेच होतो ना आपण!

चिखल महिनाभर उन्हात पडला. भेगा पडल्या, भेगांत पेंढ्यासारखे पिवळे डाग उठले. मग पावसाने सगळं धुऊन चरात उतरवलं. सकाळी बघते तर पाणी निवळशंख! तळातली काडी न् काडी दिसत होती. आपल्या गढूळ मुलखात असं पाणी कधी असतं का? त्यात ना बेडूक, ना शेवाळ. बाबा करायचे तसा त्यात थोडा चहा ओतून पाहिला, तर शाईसारखा काळा झाला. जिभेला लावलं तर आंबट-तुरट, ऊन लागून चिखलाचं आम्लच झालेलं. आपलं भात तर गेलंच, मुळं तांबडी पडून जळाली. बदकं मी कोंडून ठेवलीत.

पण खालच्या अंगाला लिएनकाकीचं शेत आहे, आणि मधला बांध फोडला की आपल्याच चरातलं पाणी तिच्याकडे उतरतं. तिची पहिली रोपं उंदरांनी खाल्ली. आता लावलीत ती शेवटच्या बियाण्याची, त्यानंतर घरात दाणा नाही. रोज चरापाशी यायची. "अगं दिएप, काचेसारखं पाणी गं तुझं! आमच्यात बघ, म्हशी लोळल्यासारखं. देशील ना थोडं?" मी नुसती हसायचे. रोज ठरवायचे, आज सांगू. पण काकी बोलायला लागली की कालव्यापलीकडे ऐकू जातं. पोरीने बापाचं शेत नासवलं, असं गावभर झालं असतं. त्या भीतीने मी उद्यावर ढकलायचे.

दादा, काल सकाळी काकीने बांध फोडून पाणी घेतलं. मी दारात उभी होते. सगळं बघत होते आणि एक शब्द बोलले नाही. संध्याकाळी तिने पाण्याबद्दल म्हणून गाडग्यात शिजवलेला मासा पाठवला. तो तसाच झाकून ठेवलाय. बाबा म्हणायचे, मुळं जळायला तीन दिवस लागतात. म्हणजे अजून वेळ आहे. आज पाणी काढून नदीच्या भरतीने शेत धुतलं, तर काही रोपं वाचतील. हे पत्र नावाड्याच्या हातात देते आणि तशीच तिच्याकडे जाते. तुला लिहून टाकलं की मला माघारी फिरता येणार नाही, म्हणून तर लिहिलं. आंबटपणा मारायला मिळेल तेवढा चुना घेऊन ये. आधी तिच्या शेतात टाकायचा.

तुझीच, घाबरट
दिएप