नवरीच्या नाचाचे पैसे

ब्रनो, ३१ मे १९५३

ती. मेतोदेयमामास,
ब्लाझेनाचा सा. न. वि. वि.

पहाटेच्या गाडीने आम्ही सुखरूप पोचलो. तुमच्या वाइनने डोकं अजून जड आहे.

मामा, तुमचा द्राक्षमळा तुमच्या मनाविरुद्ध सरकारी सहकारी संस्थेत गेला त्या कागदावर यांची सही होती, म्हणून दोन वर्षं तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. लग्नालाही येणार नाही, असंच मी धरून चालले होते. आणि काल रात्री तुम्ही नवरीच्या नाचाला माझ्याबरोबर उभे राहिलात, वर आहेराच्या ताटात दोन हजार क्राउन टाकलेत! एरवी वीसची नोट टाकताना आपल्या लोकांच्या जिवावर येतं. काल सगळ्या गावाचाच हात सैल सुटला होता. पैशांचं जाऊ द्या. तुमचा राग गेला, मला सगळं मिळालं. गाडीत मी खूप रडले.

खाली रस्त्यात लोक घोळक्याने उभे आहेत. कशासाठी, कळत नाही. हे पेपर आणायला गेलेत.

आशीर्वाद राहू द्या.
तुमची ब्लाझेना

ब्रनो, ५ जून

ती. मामास, सा. न.

मला काही म्हणजे काहीच कळेनासं झालंय. नोटा बदलणार हे शनिवारी संध्याकाळीच रेडिओवर सांगितलं होतं म्हणे. मी तेव्हा फोटोसाठी उभी होते, मला कुणी बोललं नाही. माणशी तीनशेपर्यंत पाच जुन्या क्राउनना एक नवा, त्यावर पन्नासांना एक. आमचे तीनशे-तीनशे घरच्याच पैशांत संपले, तुमच्या दोन हजारांचे चाळीस झाले. नाचाच्या पैशांतून घ्यायची ठरवलेली शेगडी काही येत नाही.

हे हसून म्हणाले, तुझ्या गावाने घरं झाडून केर तुझ्या ताटात टाकला. मी कडाकडा भांडले. म्हटलं, माझे मामा तसले नाहीत.

मामा, तुम्हाला ठाऊक होतं का? नव्हतं, एवढंच लिहा. खोटं असलं तरी चालेल.

वाट पाहणारी,
ब्लाझेना

मिकुलोव्ह, १० जून

चि. सौ. ब्लाझेनास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

ठाऊक होतं. रेडिओ ऐकला, गादीखालचं बंडल काढलं आणि ठरवलं, नाहीतरी वाया जायचं, त्या सहीवाल्याच्या तोंडावर मारू. म्हणूनच आलो, एरवी आलो नसतो.

पण नाचताना तू खांद्यावर डोकं ठेवलंस आणि म्हणालीस, मामा आले, आता माझं लग्न झालं. तेव्हापासून माझंच मला कळत नाही. राग शोधतोय, तर सापडत नाही. गेला म्हणावं, तर तुझ्या नवऱ्याचं, रादिमचं नाव काढलं की पुन्हा हजर.

माझ्या वाटचे तीनशे मी राखून ठेवले होते. त्यांचे साठ मिळाले, ते सोबत आहेत. नोटा खऱ्या आहेत, पोस्टातल्या बाईला दोनदा विचारून घेतलं. माझी काळजी नको, घरात बटाटे आहेत. शेगडी येणार नाही यात, पण दोघांची तिकिटं येतील. हो, दोघांची.

तो नाच मी धरत नाही. आलीस की पुन्हा नाचू.

तुझा मामा,
मेतोदेय