कोपऱ्यातलं मेज

आराधनाचे पप्पा,
टोरांटोहून लिडियाचा प्रभूच्या नावात सलाम.

आपल्या आराधनाचं लग्न छान पार पडलं. पोरगी दिवसभर हसत होती, काळजी नको. तुम्ही नाही म्हणून जेवणाआधीची प्रार्थना तिने मला करायला लावली. तुम्ही करता तशीच केली, हात उंच करून, ‘प्रत्येक मेजावरचं अन्न पवित्र कर’ म्हणून.

मग आराधना कानात म्हणाली, “मम्मी, त्या कोपऱ्यातल्या मेजावर गांजाची चॉकलेटं आहेत.” इथं ते कायद्यानं चालतं म्हणे. आशीर्वाद त्यांनाही लागला का?

त्या मेजावर एक बाई नेमली होती. ती प्रत्येकाचं वय विचारायची. दारू प्यालेल्याला परत पाठवायची. बाकीच्यांना एकच चॉकलेट, तेही गाडीची किल्ली तिच्या टोपलीत टाकल्यावर. मी बीपीची गोळी घेते म्हटलं, तर मला हात लावू दिला नाही.

टोपली बघून मला शांतवनभाऊजी आठवले. आपल्या जेम्सच्या लग्नात मांडवामागं पिऊन ते मोटारसायकलवर बसले, ते घरी नेवाशाला पोचलेच नाहीत. आपल्यात कुणी किल्ली मागत नाही.

मी त्या टोपलीवर हात ठेवला आणि म्हटलं, “प्रभू, सगळ्यांना सुखरूप घरी ने.”

पहिली प्रार्थना नकळत झाली, ही मात्र जाणूनबुजून केली. यातली चुकीची कुठली, तुम्हीच सांगा. चर्चच्या पाळकसाहेबांना विचारू नका.

गुडघ्याला तेल लावता का?

तुमची,
लिडिया